उपाशी वाकळ

राजाबाईंनी मला आफ्रिकेबद्दल पहिल्यांदा विचारलं ते मोरिवलीच्या नाक्यावर, भाजीच्या गाडीपाशी. मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी माझी हुज्जत चालली होती आणि ती मी जिंकत आले होते. तेवढ्यात मागून कुणीतरी दंडाला हात लावला.

“मॅडम, आफ्रिकेत थंडी पडती का?”

हुज्जत तिथेच बारगळली. मेथी भाजीवाल्याच्या भावाने घ्यावी लागली आणि त्याचा राग मी राजाबाईंवर काढला. म्हटलं, आफ्रिकेत कसली आलीय थंडी, तिथे सिंह असतात. बोलता बोलताच मला कळलं की हे काही उत्तर नव्हे. सिंहाचा आणि थंडीचा काय संबंध? पण राजाबाई हसल्या नाहीत. ‘बघून सांगा मग’ एवढं म्हणाल्या आणि कोथिंबीर पिशवीत टाकून चालू लागल्या.

मी यशोधरा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत, माझी सगळी नोकरी गेली. राजाबाई त्याच प्रयोगशाळेत कंत्राटावर काचेची भांडी धुवायला होत्या. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या. लग्न होऊन मोरिवलीत आल्या, कारण नवरा आनंदा इथल्या काडेपेटीच्या कारखान्यात लागला होता. कारखाना बंद पडला तसं बाईंनी काम धरलं. भांडी त्या लखलखीत धुवायच्या, त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. पण त्यांना प्रश्न विचारायची भारी खोड. हे निळं पाणी दोन थेंबांनी लाल का झालं? वास नाही तर विषारी कसं? बाटलीला चष्मा का लावलाय, म्हणजे बाटली तपकिरी काचेची का? मी खेकसायचे आणि मग सांगायचेही, कारण सांगितल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. आणि सांगून झालं की जाता जाता आणखी एक प्रश्न ठेवून जायच्या. त्यातले काही मी घरी घेऊन जायची.

आता आम्ही दोघी रिकाम्या. मी गावाला लागून झालेल्या एका इमारतीत राहते, राजाबाई जुन्या मोरिवलीत, दोन खोल्या आणि पुढे ओट्यासारखं अंगण. त्या दिवशी घरी येऊन मोबाईल उघडला तेव्हा लक्षात आलं, आफ्रिकेतलं गाव कुठलं हे मी विचारलंच नव्हतं. आफ्रिका म्हणजे काय मोरिवली आहे? मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी चहा झाल्या झाल्या मी त्यांच्या अंगणात हजर.

अंगणात सतरंजीवर बायका गोल बसल्या होत्या आणि मधोमध एक वाकळ पसरलेली होती. गोधडी म्हणा, पण राजाबाई वाकळच म्हणतात. शालन आणि गंगू या शेजारणी टाके घालत होत्या. उंबऱ्यात आनंदा चष्मा लावून बसला होता आणि एकामागून एक सुया ओवून जुन्या उशीला टोचून ठेवत होता. बायकोच्या डोळ्यांना आता सुईचं भोक दिसत नाही, म्हणून हे काम त्याच्याकडे. तो फारसं बोलत नाही. सुया मात्र कधी कमी पडू देत नाही.

शहर निघालं नैरोबी. शेजारच्या खोलीत वाढलेली किर्ती, जिला लहानपणी राजाबाईंनी मांडीवर घेऊन वरणभात भरवला, ती नर्स झाली आणि लग्न होऊन तिकडे गेली. तिचा नवरा सुजित तिथे औषधांच्या एका कंपनीत आहे. नैरोबीत पत्र्याच्या खोल्यांच्या मोठमोठ्या वस्त्या आहेत. तशा एका वस्तीत तिथल्या बायकांनीच चालवलेलं एक पाळणाघर आहे. आया कपडे धुवायला, भाजी विकायला जातात, पोरं तिथे असतात. किर्ती सुट्टीच्या दिवशी त्या पोरांना तपासायला जाते. एकदा तिने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पोरं दुपारची झोपली होती, सिमेंटच्या जमिनीवर, पोत्यांवर. बाकी कुणी असतं तर ‘किती गोड’ म्हणून मोकळं झालं असतं. राजाबाईंनी विचारलं की सगळी पोरं गुडघे पोटाशी घेऊन का झोपलीत. किर्ती म्हणाली, थंडी मावशी. मावशींनी त्या पोरांसाठी वाकळा तर शिवायला घेतल्या, पण आफ्रिकेतली थंडी काही खरी वाटेना, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

मी बघितलं. नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे. आपल्याकडे आभाळ भरून येतं त्या जून-जुलैत तिथे चांगलीच थंडी असते. हे मी अंगणात सांगितलं तेव्हा बायकांच्या सुया थांबल्या. राजाबाई एवढंच म्हणाल्या, “मंग जाड भरली पायजे.” आणि त्यांनी आतून आणखी एक जुनं लुगडं काढलं.

मला हा सगळा प्रकार पसंत नव्हता, आणि जे पसंत नाही ते पोटात ठेवायची मला सवय नाही. मोरिवलीच्या नाल्याकाठी झोपड्या आहेत. कंपन्यांच्या भिंतींना टेकून ताडपत्र्या आहेत. त्यांच्या पोरांना काय मऊ दुलया मिळतात? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत. मी हे तोंडावर सांगितलं. शालनने मान खाली घातली. राजाबाईंनी आधी शांतपणे सांगितलं की नाल्याकाठी गेल्या हिवाळ्यात दिल्या, विचारून या. मग सुई वाकळेत खोवून ठेवली.

“भात्तरच्या दुष्काळात आमी मिलो खाल्ली. लालभडक जवारी, बोटीतनं आल्याली. कुनी पिकवली म्हाईत न्हाई. त्या मानसाला बी कुनी तरी इचारलं असंलच की, तुज्या दारात गरीब न्हाईत का म्हनून.”

मी म्हटलं, ती सरकारने विकत घेतली असणार, कुणी धर्म केला नव्हता. राजाबाई म्हणाल्या, विकत का असेना, पिकवली तर कुणीतरीच ना. मी तणतणत घरी आले.

तेव्हापासून मी रोज अंगणात जायला लागले. मदत करायला नाही. मला सुई धरता येत नाही, गुंडी लावायलाही मी शिंप्याकडे जाते. मी चौकशीला जायची. या बाईने परमुलखातल्या पोरांचं हे वेड का घेतलंय, ते मला समजून घ्यायचं होतं. पण चौकशीत त्या मला भारी पडल्या. रोज नवा प्रश्न तयार. तिथे डास असतात का? पोरं खातात काय? मी सांगितलं, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पालेभाजीबरोबर. झालं, दुसऱ्या दिवशी अंगणात मक्याच्या पिठाचा गोळा आणि माठाची भाजी. गंगूने नाक मुरडलं. राजाबाईंनी सगळा खाल्ला आणि म्हणाल्या, पोट भरतंय, पण ठेचा पाहिजे. तिकडे दुकानाला ‘दुका’ म्हणतात, चपातीला चपाती आणि पैशाला ‘पेसा’, हे किर्तीने सांगितलं तेव्हा त्या इतक्या हरखल्या की येईल त्याला अडवून ऐकवत होत्या. पोस्टमनलाही सोडलं नाही.

कापडासाठी त्या उल्हासनगरला जायच्या. एकदा मीही गेले. पाच नंबरच्या बाजारात गाऊनच्या कापडाचं एक दुकान आहे, सिंधी शेठचं. कापून उरलेल्या पट्ट्या तो पोत्यात भरून ठेवतो आणि राजाबाईंना तशाच देतो. फुकट का देतो, हा माझा प्रश्न. उत्तर गल्ल्याशेजारी बसलं होतं. शेठची आई, अगदी थकलेली, फाळणीत आईच्या कडेवरून इथे आलेली. त्यांच्याकडेही तुकडे जोडून गोधडी करतात, रली म्हणतात तिला. तशा एका रलीत गुंडाळूनच तिला आणलं होतं. शेठ म्हणाला, “मॅडम, अम्मा बोलती है, चिंदी बेचने की चीज नहीं. आता अम्माच्या पुढे मी काय बोलणार?”

राजाबाईंनी नमुन्याला एक वाकळ नेली होती. म्हातारीने ती मांडीवर घेतली, टाक्यांवरून हात फिरवला आणि लाल ठिगळाचा कोपरा चिमटीत धरून चोळला. राजाबाईंकडे बघून ती हसली. राजाबाई पण हसल्या. मी तेव्हा शेठला त्याच्या निळ्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात कसा जाईल ते समजावत होते. त्या दोघी कशाला हसल्या हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. एरवी मी असं सोडत नाही.

संक्रांतीनंतर वाकळा बांधून झाल्या. सुजितच्या कंपनीचा माल इथून बोटीने जातो, त्याच्याबरोबर हे गठ्ठे न्यायला ती कंपनी तयार झाली. बांधायच्या आधी एक गोष्ट मी पाहिली होती. कुणीही शिवली तरी प्रत्येक वाकळेचा शेवटचा कोपरा, लाल ठिगळाचा, राजाबाईच बंद करायच्या. शालन म्हणाली तो मावशींचा मान. मला वाटलं, असेल बाई, शिवणारीची सही.

गठ्ठे टेम्पोत चढले तेव्हा राजाबाईंनी प्रत्येकावर हात ठेवला. तिकडे थंडी सुरू व्हायच्या आत पोचतील ना, एवढाच त्यांना घोर होता. मी म्हटलं पोचतील. जहाज कुठल्या समुद्रातून जातं ते त्यांना नकाशात दाखवलं. मग रोज, जहाज आता कुठे असेल?

उन्हाळा ऐन भरात असताना किर्तीचा फोन आला. दुपारची वेळ, अंगणात सगळ्या होत्या. फोन स्पीकरवर होता. किर्तीने रामराम नाही, काही नाही, सरळ विचारलं, मावशी, वाकळांच्या कोपऱ्यात काय आहे?

“घास,” राजाबाई म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे माणात रीत आहे: वाकळ पुरी होताना शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर जोंधळे घालायचे आणि मगच टाका मारायचा. पांघरणाऱ्याचं पोट कधी रिकामं राहू नये म्हणून. उपाशी वाकळ कुणाच्या अंगावर घालायची नाही. भावाच्या शेतातली शाळू ज्वारी त्या डब्यात जपून ठेवतात ती याचसाठी. सिंधी म्हातारीच्या बोटांना दाणे लागले होते, माझ्या डोळ्यांना दिसले नव्हते. आणि तिकडच्या बंदरात तपासणाऱ्या माणसाच्याही बोटांना लागले. बाहेरच्या देशातलं बियाणं असं कापडात घालून आणायला तिथे बंदी आहे. सगळे गठ्ठे अडवून ठेवले होते.

किर्ती रडकुंडीला आली होती. तिने विचारलं, मला आधी सांगितलं का नाहीस?

राजाबाईंना खरोखर प्रश्नच कळला नाही. “मीठ घातलं म्हनून कुनी सांगतं व्हय?”

तो तपासणीस वाईट नव्हता. नियमाप्रमाणे सगळं जाळायचं होतं. पण पोरांच्या वाकळा आहेत म्हटल्यावर त्याने एक वाट ठेवली होती: त्याच्या देखत प्रत्येक वाकळेचा कोपरा उसवायचा, दाणे जाळायचे, वाकळांना औषधाची धुरी द्यायची, मग न्या. मुदत आठवड्याची. किर्तीला एवढंच हवं होतं की दाणे कुठल्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे चारही कोपरे फाडायला नकोत.

राजाबाई म्हणाल्या, “उसवू नगं.” आणि त्यांनी फोन ठेवला.

आनंदाच्या हातातली सुई तशीच राहिली. मी भडकले. म्हटलं, जळून जाऊ देणार का? बायकांनी हिवाळाभर मरमर केली ती बंदरात धूर करायला? आणि पोरं राहतील पोत्यावर. राजाबाई उठून आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या, घासलेलीच. मला तेव्हा कुणाला तरी हलवून विचारावंसं वाटत होतं की हे काय आहे. एक चिमूट जोंधळ्यापायी एवढा हट्ट?

संध्याकाळी मी परत गेले. राग गेला नव्हता, पण कुतूहल त्याच्यापेक्षा मोठं होतं. राजाबाई ओट्यावर एकट्याच होत्या. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुष्काळाच्या साली त्या जेमतेम परकर सावरण्याएवढ्या होत्या. कणगी तळाला लागली, मग रिकामी झाली. आई खडी फोडायला जायची, पण ती दुष्काळी कामं सुरू व्हायच्या आधीचे दिवस फार वाईट गेले. एका सकाळी आईने घरातल्या सगळ्या वाकळा अंगणात काढल्या. राजाबाईंना वाटलं, ऊन द्यायला. आईने विळ्याच्या टोकाने एकेक कोपरा उसवला. आजीच्या काळच्या वाकळासुद्धा. सगळे घास परातीत गोळा केले, जात्यावर भरडले, पाण्यात शिजवले. तेवढ्यात काय होणार होतं? एक वेळ झाली. त्या रात्री पोरांनी उघड्या कोपऱ्यांच्या वाकळा पांघरल्या आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली.

“वाकळ उसवली म्हंजी घरात दुष्काळ आला, मॅडम. मी त्या पोरांच्या घरात माज्या तोंडानं दुष्काळ धाडू?”

मी घरी आले. पण दाणा तिथे जाऊ नये असं तिकडचे लोक का म्हणतात, हे मला माहीत होतं, आणि जे माहीत आहे ते सांगितल्याशिवाय मला झोप लागत नाही. सकाळी त्यांना म्हटलं, चला, पाय मोकळे करू.

आनंदाचा कारखाना होता त्या बाजूला मोठं मोकळं रान आहे. भिंतीच्या आतबाहेर कमरेएवढं गाजर गवत माजलंय, पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेलं. मी बोट दाखवून विचारलं, हे ओळखता? राजाबाई म्हणाल्या, ह्याला कोण ओळखत नाही. माहेरी खुरपायला जायच्या तेव्हा हात कोपरापर्यंत सुजायचे. शेजारची जनू खाजवून खाजवून रक्त काढायची. गुरं तोंड लावत नाहीत, पिकाला वर येऊ देत नाही, उपटलं तरी पुन्हा हजर.

मी म्हटलं, हे आपलं नव्हे. परदेशातून धान्य यायचं ना, त्या पोत्यांतून याचं बी आलं असं सांगतात. धान्य खाऊन संपलं. हे राहिलं.

राजाबाईंनी नेहमीसारखा प्रश्न केला.

“धाडनाऱ्याला ठावं हुतं?”

“नसणार.”

“वंगाळ मनानं न्हवतं धाडलं.”

“नाही.”

त्यांनी एक झाड मुळासकट उपटलं, झटकलं आणि भिंतीवर ठेवून दिलं. आमच्या वेळी तपासायला असा कुणी असता तर बरं झालं असतं, असं काहीसं पुटपुटल्या. परत येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. घरी पोचताच त्यांनी किर्तीला फोन लावला आणि सांगितलं, लाल ठिगळाचा कोपरा, तेवढाच उसव. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर त्यांनी शाळूचा डबा उघडून पाहिला आणि वरच्या फळीवर, हात पोचणार नाही असा, सरकवून दिला.

वाकळा सुटल्या. किर्ती स्वतः बंदरावर जाऊन बसली होती. दाणे जाळल्याचं तिने सांगितलं आणि राजाबाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांचं शिवणं थांबलं. बायका यायच्या, सतरंजी पसरायच्या, राजाबाई आतून नाही ते काम काढायच्या. आनंदा सवयीने सुया ओवत होता आणि संध्याकाळी धागे काढून पुन्हा रिळाला गुंडाळत होता. मला भीती वाटली की ही बाई आता पुन्हा सुई हातात धरणार नाही. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी प्रश्न विचारणं बंद केलं होतं. मी मुद्दाम सांगितलं की त्या देशात एका तळ्यावर गुलाबी पक्षी लाखांनी येतात. त्या नुसतं ‘व्हय का’ म्हणाल्या.

जूनमध्ये एका दुपारी किर्तीचा व्हिडिओ कॉल आला. राजाबाई घ्यायला तयार नव्हत्या, मीच घेतला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. पाळणाघर दिसत होतं. पत्र्यावर पाऊस नव्हता, पण उजेड मळका होता आणि सगळ्यांनी स्वेटर घातले होते. वाकळा वाटायचा दिवस होता तो. उल्हासनगरच्या गाऊनची फुलं आणि मोरिवलीची लुगडी तिथल्या जमिनीवर पसरलेली बघून शालन तोंडावर हात ठेवून हसायला लागली. एक पोर वाकळेच्या मधोमध बसून ठिगळांवर बोट ठेवत होती, बहुतेक रंग मोजत होती.

राजाबाईंचं लक्ष पोरांकडे नव्हतं. मागे भिंतीशी पाचसहा बायका खाली बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर वाकळेचा एकेक कोपरा.

“ती काय घालती गं त्यात?” राजाबाईंनी विचारलं. कितीतरी दिवसांनी विचारलं.

किर्तीने कॅमेरा जवळ नेला. कोपरे उघडे का, असं पोरांच्या आयांनी तिला आदल्या दिवशी विचारलं होतं. तिने जमेल तसं सांगितलं: एका बाईने इथे तुमच्या पोरांसाठी घास ठेवला होता, तो बंदरात काढावा लागला. आज सकाळी वाकळा न्यायला आल्या त्या रुमालाच्या गाठीत आपापल्या घरचं बांधून घेऊन आल्या. कुणी मका, कुणी घेवडा. एकीच्या घरात काही नव्हतं, तिला शेजारणीने आपल्यातलं निम्मं दिलं. आता त्या शिवत होत्या.

राजाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांशी नेला. तिकडची एक बाई, डोक्याला हिरवा फडका बांधलेली, दाताने धागा तोडत होती. धागा तोडून तिने कोपरा चिमटीत धरला आणि चोळून बघितला, आतले दाणे बोटांना लागतात का ते.

राजाबाई रडायला लागल्या. लपवून नाही, पदर न लावता, मोठ्याने. आनंदा उठून त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. मीही रडले. त्यात सांगायला लाज कसली?

मग डोळे पुसून त्यांनी जे सांगितलं ते त्या स्वतःशीच बोलत होत्या असं मला वाटलं. लग्नात आईने त्यांना वाकळ दिली होती. तिचा कोपरा उघडा होता. मोरिवलीत आल्यावर सासूने म्हटलं, भर आता, या घरातला. आणि त्यांनी तांदूळ भरला, कारण इथे जोंधळा नव्हता. रीत खरी अशी होती: आपल्या घरातली वाकळ आपण भरायची. दुसऱ्याच्या घरी जाणारी उघडी द्यायची, तिचा घास तिथल्या बाईने भरायचा.

“येवढं कसं इसरले मी? पोरं घरचीच धरून बसले, आन त्येंच्या आया हायती ह्येच ध्यानात न्हाई राहिलं.”

फोनवर किर्तीला काही ऐकू गेलं नसावं. ती हॅलो हॅलो करत होती. तिकडच्या पोरीचं मोजून झालं होतं आणि ती वाकळ डोक्यावरून घेऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी सतरंजी पसरली. आता दर वर्षी गठ्ठा जातो. शाळूचा डबा खाली आला, पण त्यातलं राजाबाई फक्त घरच्या वाकळेला घालतात. बाहेर जाणाऱ्या वाकळेचे तीन कोपरे बंद असतात. चौथा, लाल ठिगळाचा, उघडा. त्यात एक सुई टोचलेली असते, आनंदाने ओवलेली, पुरेल एवढा धागा ठेवून. उपाशी वाकळ कुणाला द्यायची नाही म्हणणारी बाई आता एकेक उपाशी वाकळ घडी घालून ठेवते आणि प्रत्येकीतली सुई नीट आहे ना ते हात लावून बघते.

परवा नाक्यावर पुन्हा गाठलं मला. या वेळी भेंडीवरून चाललं होतं.

“मॅडम, तितल्या मक्याचं दानं आपल्यापरीस मोठं असतं का?”

म्हटलं, बघून सांगते.